दहिसर नदीला उन्हाळ्यात आटू द्या

मे महिन्यात दहिसर नदीच्या कुठल्याही पुलावरून खाली बघा, पाणी वाहताना दिसेल. या नदीबद्दलची सगळ्यात वाईट बातमी तीच आहे. उत्तर कोकणातली जेमतेम १२ किलोमीटरची नदी. तुळशी तलावापाशी डोंगरात उगम, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून उतरायचं, द्रुतगती महामार्ग आणि रेल्वे ओलांडायची, दहिसर गावठाणाच्या अंगाने जाऊन मनोरीच्या खाडीला मिळायचं. पावसाळा सरला की तिच्या पाणलोटावर आठ महिने थेंब पडत नाही. मग भर मेमध्ये हिला पाणी येतं कुठून? बोरिवली-दहिसरच्या कुणालाही विचारा. ते मोऱ्यांचं, संडासांचं, तबेल्यांतल्या शेणामुताचं आणि कपडे धुण्या-रंगवण्याच्या धंद्यांचं पाणी आहे.

तरीही ‘नदी वाचवा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती बारमाही नदी. काठोकाठ भरलेली, कडेला फरसबंदी आणि बाकडी, जमल्यास एखादी होडी. मंत्र्यांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचं स्वप्न हेच. कंत्राटदाराचंही हेच, पण त्याची कारणं वेगळी. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. दहिसर नदी बरी झाली याची खूण म्हणजे ती एप्रिल-मेमध्ये आटलेली दिसेल. तिथे पाणी आणून सोडायचं नाही, येणारं थांबवायचं. आणि पावसाळ्यात तिला लागेल तेवढी जागा मोकळी ठेवायची.

हे पटायला जड जातं, कारण कोरडी नदी म्हणजे मेलेली नदी असं आपण धरून चाललो आहोत. भात कापल्यावर मार्चमध्ये खाचर उघडं पडतं, त्याला कुणी नापीक म्हणत नाही. कोकणातल्या छोट्या नद्यांचंही तसंच. डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं, उतार तीव्र, पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या वर. एवढं पाणी धाडकन येतं आणि जातं. उरतं ते खडकाच्या भेगांत, गाळात आणि डोहांत. त्यावर पुढचे महिने काढायचे, हा इथल्या नद्यांचा स्वभाव आहे.

तो बघायचा असेल तर फार लांब जायला नको. दहिसर नदीचा वरचा भाग अजून शाबूत आहे, तो राष्ट्रीय उद्यानामुळे. हे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं जंगल मुंबई-ठाण्याच्या मधोमध टिकलं, ते काही वाघ-बिबट्यांच्या प्रेमापोटी नव्हे. ते टिकलं पाण्यापायी. शहराला नळाचं पाणी हवं होतं म्हणून १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तलावांचं पाणलोट राखायचं तर डोंगरावरची झाडं राखणं भाग होतं. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, वन्यजीव कायदा ही सगळी भाषा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. म्हणजे या शहराला एकेकाळी पाणी आणि जंगल ही एकच गोष्ट आहे हे कळत होतं, निदान स्वतःच्या तहानेपुरतं तरी.

उद्यानातली नदी वर्षभर कशी बदलते ते कान्हेरीच्या रस्त्याने जाणाऱ्याला सहज दिसतं. जुलैत ती लालसर, गढूळ, दगड लोळवत येते. पुलावर उभं राहिलं तर बोलणं ऐकू येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी इतकं निवळतं की तळाचे काळे धोंडे मोजता येतात. त्या धोंड्यांवर पुराने सोडलेली बारीक गाळाची पांढुरकी रेघ असते, कमरेच्या वर. संक्रांतीनंतर प्रवाह तुटायला लागतो आणि एप्रिलपर्यंत उरतात ते फक्त डोह. एखाद्या डोहाशी उकिडवं बसून बघा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण तळाला पानं कुजतायत. वर पाणकिडे पाय न बुडवता सरकतायत, कडेच्या ओल्या गाळात हरणांच्या खुरांचे ठसे एकावर एक, आणि उरलेले मासे सावलीच्या बाजूला गोळा झालेले. मधला पन्नास पावलांचा पट्टा खडखडीत. वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा धोंड्यावरून कागदासारखा सुटतो. याला मेलेली नदी म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. इथल्या प्राण्यांचं, झाडांचं, किड्यांचं वेळापत्रकच या आटण्यावर बसलेलं आहे.

महामार्ग ओलांडल्यावर हीच नदी बघा. तोच मे महिना. पाणी काळं, संथ, न थांबता जाणारं. त्याला खळखळाट नाही, कारण खाली धोंडेच नाहीत, सिमेंट आहे नाहीतर मऊ काळा गाळ आहे. वरच्या भागात पाणी नाही आणि खालच्या भागात भरपूर आहे, एवढी एकच गोष्ट निदानाला पुरेशी आहे.

या आटण्याशी माणसाने जमवून घेतल्याचा सर्वांत जुना पुरावाही याच जंगलात आहे. कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांत बौद्ध भिक्खू शतकानुशतके राहिले. त्यांनी लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकी खोदली, वरच्या खडकावरचं पावसाचं पाणी पन्हळींनी त्यांत आणलं. ही टाकी दान देणाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. टाक्याला ‘पोढी’ म्हणत. डोंगराच्या घळीतून ओढा वाहत असताना एवढी छिन्नी कुणी का चालवावी? ओढा उन्हाळ्यात साथ देत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. पावसाचं पाणी पावसातच धरून ठेवलं.

पुढे कोकणातल्या गावांनीही हेच केलं. पावसाळा संपला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओढ्यांवर कच्चे बंधारे पडतात. दगड, माती, वाळूने भरलेली सिमेंटची रिकामी पोती. सरकारी भाषेत वनराई बंधारा. डिसेंबर ते मार्च पाणी थोपतं, विहिरींना उतरतं, भाजीपाला आणि गुरं निघतात. जूनचा पहिला पूर आला की बंधारा जातो आणि तो गेलेलाच बरा असतो. कारण त्याच पुराबरोबर मासे खालून वर चढतात. कुठे चढणीचे म्हणतात, कुठे वलगणीचे. त्यांना अंडी घालायला वरचं नवं पाणी लागतं, वाटेत भिंत असून चालत नाही. गावचा बंधारा पाणी धरतो आणि वेळ आली की वाटही सोडतो. सिमेंटचा बंधारा फक्त धरतो.

आता कायद्याकडे येऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमात राष्ट्रीय उद्यानाबद्दल एक पोटकलम आहे, सहावं. उद्यानात येणारा किंवा उद्यानातून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय कुणी वळवायचा नाही, अडवायचा नाही आणि वाढवायचाही नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाने परवाना द्यायचा तोही वन्यजीवांच्या भल्यासाठी तो बदल गरजेचा असेल तरच. यातलं ‘वाढवायचाही नाही’ मला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी कमी केलं तर नुकसान होतं हे कुणालाही सुचेल. नको तेव्हा पाणी घालणं हेही नुकसानच आहे, हे या कायद्याने लिहून ठेवलं आहे. पण हे शहाणपण उद्यानाच्या कुंपणापर्यंत. पुढे नदी महापालिकेच्या हद्दीत शिरते आणि तिथे प्रवाहात रोज किती भर पडते हे विचारणारं कलम कुणाच्या हातात नाही. असलं तरी कुणी उघडत नाही.

(उद्यानाच्या पोटातही सगळं निर्धास्त नाही. ठाणे-बोरिवली जोडबोगदा ११.८ किलोमीटरच्या रस्त्यापैकी दहा किलोमीटरहून जास्त अंतर जमिनीखालून जाणार आहे. शिवाय गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे बोगदे आहेत. वर झाड तुटत नाही म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण डोंगर पोखरला की भेगांतलं पाणी बोगद्याकडे धाव घेतं. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला हे सांगायला नको. २०२४ च्या जुलैत गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी फुटून गाड्या अडकल्या होत्या. उन्हाळ्यातले डोह ज्या झिरप्यावर जगतात तो झिरपा बोगद्यात उतरला तर वरून काही दिसणारही नाही. डोहांची पातळी बांधकामाआधी, चालू असताना आणि नंतर मोजून जाहीर करायला हवी, एवढंच इथे म्हणून पुढे जातो.)

महापालिकेची नदी पुनरुज्जीवनाची योजना मोडीत काढावी असं माझं म्हणणं नाही. तिच्या तीन पायऱ्या आहेत. काठाने मलवाहिन्या टाकून सांडपाणी नदीत पडण्याआधी अडवायचं, जवळच्या छोट्या केंद्रांत शुद्ध करायचं आणि ते पाणी परत नदीत सोडायचं. पहिल्या दोन पायऱ्या कालच व्हायला हव्या होत्या. भांडण तिसरीशी आहे. एवढा खर्च करून नदीतून काढलेलं पाणी पुन्हा नदीतच का ओतायचं?

यावर मिळणारं उत्तर असं, की शुद्ध केलेलं पाणी काळ्या पाण्यापेक्षा केव्हाही चांगलं, नदी वाहती राहील, वास जाईल, लोकांना बरं वाटेल. दुर्गंधीत दिवस काढणाऱ्या माणसाला हे उत्तर पटतं, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण थोडं पुढचं बघा. केंद्रातून निघणारं पाणी कितीही निवळशंख दिसलं तरी त्यात नत्र आणि स्फुरद उरतंच. उथळ, उन्हात तापलेल्या, संथ पात्रात ते खत पडलं की शेवाळ आणि जलपर्णी येते. मग जलपर्णी काढायचं कंत्राट. दुसरी गोष्ट, केंद्र बंद पडलं, वीज गेली, पंप नादुरुस्त झाला तर कच्चं सांडपाणी त्याच तोंडातून नदीत जाणार आणि कुणाला कळणारही नाही, कारण पाणी तर वाहतच आहे. पात्र कोरडं असेल तर चोरून सोडलेला एक पाइपसुद्धा उघडा पडतो. उन्हाळ्यात ओली दिसलेली प्रत्येक जागा म्हणजे कुणीतरी काहीतरी सोडतंय. पालिकेकडे याहून स्वस्त तपासणी यंत्रणा नाही, आणि नदीत पाणी भरून आपण नेमकी तीच बुजवणार.

साबरमतीचा दाखला हमखास येतो. अहमदाबादेत पात्र भरलेलं दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून आणि खाली वासणा बंधाऱ्याने ते थोपवून. सपाट मुलुखातल्या रुंद नदीचा तो हिशेब आहे. दहिसरला कुठली नर्मदा आणणार? आणि एका दिवसात डोंगरावरून येणाऱ्या लोंढ्यापुढे त्या फरसबंदीचं काय होणार? घरच्याच अंगणातलं उदाहरण हवं तर चिपळूणची वाशिष्ठी घ्या. ती बारा महिने वाहते, कारण कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं अवजल तिच्यात येतं. त्या पाण्यावर वस्त्या आणि कारखाने चालतात, त्याचा फायदा आहेच. पण घाटापलीकडचं पाणी वीज करून इकडे उतरवलं त्याचा हा परिणाम, त्याला कुणी नदीचं पुनरुज्जीवन म्हणत नाही.

चिपळूणचं नाव निघालं म्हणजे पुराचंही बोलायला हवं. माझ्या म्हणण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. दहिसर नदीकाठच्या तळमजल्यांत जे पाणी शिरलं ते ज्यांनी बघितलं, त्यांच्यासमोर डोह आणि पाणकिड्यांच्या गप्पा मारणं हा उद्धटपणा होईल. त्यांना भिंत हवी होती आणि भिंत बांधली गेली. पण भिंतीने पाणी कमी होत नाही. अरुंद, गुळगुळीत पात्रातून ते जास्त वेगाने खाली जातं आणि खाडीच्या तोंडाशी भरती असेल तर तिथेच तुंबून मागे पसरतं. वरच्या वस्तीने बांधलेली भिंत खालच्या गावठाणाला भोवते. नदीला पसरायला जागा लागते आणि ही जागा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर किंवा कुणाच्या तरी पार्किंगमध्ये असते. चिपळुणात २०२१ च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आल्या तेव्हा गावातून विरोध झाला. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांतला लाल रेषेपर्यंत. ज्याचं घर किंवा दुकान त्या रेषेत सापडतं त्याची किंमत रात्रीत घसरते, तेव्हा तो विरोध समजण्यासारखा आहे. त्याला नुकसानभरपाई किंवा बदली बांधकामाचा हक्क न देता फक्त रेषा दाखवणं ही लबाडी आहे. पण दहिसरला अजूनही काही ठिकाणी काठ मोकळे आहेत, विशेषतः उद्यानातून बाहेर पडल्यापडल्या. तिथे नवी भिंत नको, सुशोभीकरण नको, जॉगिंगचा ट्रॅकसुद्धा नको. पावसात पाणी पसरेल, नंतर पोरं क्रिकेट खेळतील.

दरवर्षी नालेसफाईच्या नावाखाली मेअखेर पात्रातून गाळ काढला जातो. मिठी नदीच्या गाळउपशातल्या कथित घोटाळ्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये नोंदवला, तेव्हा गाळ हा किती सुपीक विषय आहे ते सगळ्यांना कळलं. काळ्या पाण्याखालचा गाळ किती होता आणि किती निघाला हे कोण मोजणार? कोरड्या पात्रात ते पट्टी लावून मोजता येतं. काही मंडळींना बारमाही नदी इतकी प्रिय का, याचं एक कारण इथेही असावं.

उद्यानाने तरी हात झटकू नयेत. प्रवेशद्वाराजवळ नौकाविहारासाठी नदीचं पाणी अडवलेलं आहे, आणि तिथे पाय मारत फिरणाऱ्या हजारो कुटुंबांना नदी म्हणजे असं साचलेलं तळंच वाटतं. ज्या वनविभागाला प्रवाह न अडवण्याचा कायदा राबवायचा आहे त्याने पर्यटकांसाठी तो अडवावा, हे मला खटकतं. निदान कोकणातल्या कच्च्या बंधाऱ्यासारखं ते जूनआधी पूर्ण मोकळं करावं. उद्यानातल्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. वारली कुटुंबं तिथे उद्यानाच्या आधीपासून आहेत. त्यांना धड संडास मिळू नये आणि नदी घाण झाली की बोट मात्र त्यांच्याकडे वळावं, हे चालणार नाही. बाहेरही तेच होतं. काठावरची झोपडी फोटोत येते. मागच्या सात मजली इमारतीचा पाइप पर्जन्यवाहिनीला जोडलेला असतो, तो जमिनीखाली असल्यामुळे कुठल्याच फोटोत येत नाही. घरं हलवण्यापासून सुरुवात करणाऱ्या कुठल्याही नदी-योजनेवर माझा विश्वास नाही. सुरुवात जोडण्या तपासण्यापासून करा. धूर सोडून किंवा रंग टाकून पाइप कुठे जातो ते काढता येतं, ही काही अवकाशविद्या नाही. तबेल्यांचं शेण तर जमिनीवर, सगळ्यांच्या देखत पडतं. ते उचलून त्याचा गॅस करायचा की खत, हे पालिकेने ठरवावं. नदीत लोटायचं नाही एवढं पक्कं.

राहता राहिलं शुद्ध केलेल्या पाण्याचं काय करायचं ते. त्याला गिऱ्हाईक नाही असं कुणी म्हणू नये. २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईतले टँकरवाले संपावर गेले, तेव्हा चार दिवसांत बांधकामांपासून सोसायट्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा बाहेर काढावा लागला. याच उपनगरात सिमेंट कालवायला, रस्ते धुवायला, बागांना आणि गाड्या पुसायला विहिरी-कूपनलिकांचं चांगलं पाणी उपसलं जातं. नदीकाठच्या केंद्रांच्या निविदेत एक ओळ बदलायची आहे: शुद्ध पाणी सोडायची जागा म्हणून जिथे नदी लिहिलंय तिथे टँकर भरायचा नळ लिहायचा, आणि बोरिवली-दहिसरच्या प्रत्येक नव्या बांधकामाला मंजुरी देताना त्याच नळाचं पाणी वापरायची अट घालायची.